आधी वर्ग, मग चित्रनगरी

(घोटी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



घोटीहून महामार्गाने नाशिककडे निघाले की थोड्याच वेळात मुंढेगाव लागते. तिथे चित्रनगरी व्हावी ही मागणी जुनी आहे. तिचा प्रस्ताव कधी पुढे सरकतो, कधी मागे पडतो, पण चर्चेतून जात नाही. मागणीमागची कारणे कुणालाही पटतील अशी आहेत. मुंबईची वाट इथूनच जाते, रेल्वे आहे, आणि २०२५ पासून समृद्धी महामार्गही इगतपुरीच्या पुढे आमण्यापर्यंत खुला झाला आहे. कळसूबाईची रांग, दारणा, भावली आणि वैतरणेचे जलाशय, पावसाळ्यातली भातखाचरे, असे कॅमेऱ्याला हवेहवेसे सगळे इथून जवळ आहे. चित्रनगरी झाली तर हॉटेले चालतील, गाड्या भाड्याने जातील, सुतार-रंगाऱ्यांना काम मिळेल. हे सारे मला मान्य आहे. तरीही आज आग्रहाने मांडायचे आहे ते निराळे. चित्रनगरीच्या आधी, निदान तिच्याबरोबरीने, दूरचित्रवाणी निर्मितीचे विद्यापीठीय शिक्षण या भागात उभे राहिले पाहिजे. ते राहिले नाही तर जमीन आपली, डोंगर आपले, पाऊस आपला आणि त्यात सांगितलेली गोष्ट मात्र दुसऱ्याची, अशी गत होईल.

या म्हणण्याचा पहिला पुरावा आपल्याच नाशिक जिल्ह्यात आहे. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरला झाला. त्यांना आपण स्वयंभू प्रतिभावंत मानतो, पण त्यांनी घेतलेले शिक्षण पाहा. मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, त्यानंतर बडोद्याचे कलाभवन, मग छायाचित्रण आणि छपाईच्या धंद्यातली उमेदवारी, आणि १९१२ साली लंडनला जाऊन सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत केलेली पाहणी. परत आल्यावर भांडवल घालणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी वाटाण्याचे रोप कसे वाढते याचे चित्रण केले, एकेक चौकट टिपत. शिकलेल्या माणसाने स्वतःला घातलेला तो पाठ होता. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ झाला, त्याच वर्षी फाळके नाशिकला आले, आणि पुढे हिंदुस्थान फिल्म कंपनी इथेच उभी राहिली. नाशिक हे त्या काळी देशातल्या चित्रनिर्मितीचे एक मोठे केंद्र होते. १९३० चे दशक उजाडता उजाडता ती कंपनी मिटली आणि केंद्रही मिटले. आता पुण्याकडे वळा. कोल्हापुरात १९२९ साली निघालेली ‘प्रभात’ ही चित्रपट कंपनी १९३३ मध्ये पुण्याला आली आणि १९५० च्या दशकात बंद पडली. पण १९६० साली तिच्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, १९७४ मध्ये दिल्लीतला दूरचित्रवाणी प्रशिक्षण विभागही तिथे आला, आणि आज इतक्या वर्षांनंतरही त्या आवारात दिवे लावले जातात, ध्वनी तपासला जातो, संकलनावर वाद होतात. दोन्ही कंपन्या बुडाल्या. एका जागी शाळा झाली, दुसऱ्या जागी झाली नाही. बोलपटांचे आगमन, भांडवलाची ओढ, मुंबईचे आकर्षण ही नाशिकच्या पीछेहाटीची कारणे खोटी नाहीत. पण त्यातली शेवटची दोन पुण्यालाही लागू होती. कंपनीत मुरलेले ज्ञान कंपनीबरोबर जाते, हे या दोन शहरांच्या इतिहासात उघड दिसते.

नुसत्या चित्रनगरीने काय होते याचाही अनुभव महाराष्ट्राला आहे. कोल्हापूरला चित्रपटाची परंपरा होती, कलावंत होते, तंत्रज्ञ होते, आणि शासनाने चित्रनगरीही दिली. ती कित्येक वर्षे ओस पडली होती. अलीकडे तिला पुन्हा जाग आली आहे. गोरेगावची चित्रनगरी १९७७ पासून चालते आहे, तिला फाळक्यांचे नावही दिले आहे, पण तिच्याभोवती मुंबईचा सगळा धंदा उभा आहे म्हणून ती चालते. चित्रनगरी ही मुळात भाड्याने द्यायची जागा. निर्माता आपली माणसे घेऊन येतो, काम उरकतो आणि जातो. स्थानिकांच्या वाट्याला चहा, वाहने, गर्दीतली माणसे आणि राखण. या कामांना मी कमी लेखत नाही, त्यांवर घरे चालतात. पण वीस वर्षांनीही इथल्या मुलामुलींच्या वाट्याला तेवढेच येणार असेल, तर आपण मागताना फार थोडे मागितले असे म्हणावे लागेल.

मग शिकायचे काय? कॅमेरा चालवणे आता मोबाइलनेच शिकवले आहे, असे कुणी म्हणेल. म्हणून टीव्हीच्या स्टुडिओत घडते काय ते थोडे सविस्तर सांगतो. भाताच्या भावावर चर्चेचा कार्यक्रम आहे असे धरा. समोर शेतकरी, गिरणीमालक, कृषी अधिकारी आणि सूत्रसंचालक. तीन कॅमेरे आहेत. निर्माता काचेपलीकडे पॅनलवर बसलेला, तिन्ही कॅमेऱ्यांची चित्रे त्याच्यापुढच्या पडद्यांवर एकाच वेळी दिसतात, आणि कोणते चित्र प्रेक्षकांकडे जाईल हे तो क्षणाक्षणाला ठरवतो. शेतकरी बोलतो आहे. आता त्याचाच चेहरा ठेवायचा की ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचा दाखवायचा? अधिकारी त्या क्षणी घड्याळाकडे पाहत असेल तर ते दाखवणे प्रामाणिक, की तो सहज झालेला चाळा असताना मुद्दाम दाखवणे अन्यायाचे? शेतकरी वाक्याच्या मध्ये थांबला. त्याची ती शांतता राहू द्यायची, की सूत्रसंचालकाच्या कानात ‘पुढे चला’ म्हणायचे? हे प्रश्न यंत्राचे नाहीत, पण यंत्र हाताखाली नसेल तर ते सुचतही नाहीत. त्यांची उत्तरे दोन सेकंदांत द्यावी लागतात, आणि दोन सेकंदांत नीट उत्तर द्यायचे तर आधी दोन वर्षे त्यावर सावकाश विचार झालेला असावा लागतो. शेतीचे अर्थकारण ठाऊक हवे, कायदा ठाऊक हवा, बोलीभाषा कानात हवी, इतिहास डोक्यात हवा. हे सगळे एका आवारात जिथे मिळू शकते अशी संस्था म्हणजे विद्यापीठ. टीव्ही निर्मितीचे शिक्षण विद्यापीठात असावे याचे हे माझ्या दृष्टीने सर्वांत भक्कम कारण आहे.

शिक्षण नसले की काय होते, हे इगतपुरी तालुक्याला दर उन्हाळ्यात दिसते. राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या तालुक्यांपैकी हा एक. दारणेचे पाणी गोदावरीच्या कालव्यांना जाते, वैतरणेचे मुंबईला. आणि एप्रिल-मे आला की वरच्या वाड्यांतल्या बाया कोरड्या विहिरीच्या तळाशी उतरलेल्या बातम्यांत दिसतात. चित्र खरे असते, त्यामागची कळकळही बहुधा खरी असते. पण दरवर्षी तेच दृश्य, तोच खाली झुकलेला कॅमेरा, तीच तीस सेकंदांची बाइट. धरण कधी झाले, पाण्याचा हिशेब कोण ठेवतो, वाडीसाठी मंजूर झालेली नळयोजना कुठे अडली, टाकी बांधली तर तिच्यात पाणी का चढत नाही, हे त्यात येत नाही. आणता येत नाही असे नाही. पावसाळ्यातल्या आवणीपासून मे महिन्यापर्यंत एकाच वाडीकडे परत परत जायचे, तांत्रिक मंजुरीचा कागद वाचायचा, अभियंत्यालाही बोलते करायचे, आणि वर्षभराच्या चित्रणातून चाळीस मिनिटांचा माहितीपट बांधायचा, हे शिकता येते आणि शिकवता येते. बातमीदाराला त्यासाठी वेळ मिळत नाही; त्याला संध्याकाळच्या बातमीपत्राआधी पाच ठिकाणे उरकायची असतात. विद्यार्थ्याला मात्र वर्ष मिळते. ही सवलत समाजाने त्याला दिलेली असते, आणि तिचा उपयोग समाजालाच होतो.

हे स्वप्नरंजन वाटू नये म्हणून प्रत्यक्ष घडलेला एक प्रयोग सांगतो. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात भारताने ‘साइट’ हा उपग्रह दूरचित्रवाणीचा प्रयोग केला. अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत थेट कार्यक्रम पोहोचले. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता, पण प्रयोगाची धुरा वाहणाऱ्यांत आपले शास्त्रज्ञ एकनाथ चिटणीस होते. तंत्राच्या बाजूने प्रयोग थक्क करणारा ठरला. कार्यक्रम मात्र दिल्ली, कटक, हैदराबाद अशा मोजक्या केंद्रांत बनत, आणि इतक्या निरनिराळ्या खेड्यांना ते सारखेच आपले वाटावेत ही अपेक्षाच अवघड होती. त्याच सुमारास गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यातल्या पीज गावी अंतराळ संशोधन संस्थेने एक लहान प्रक्षेपक उभारला. तिथे पद्धत उलटी होती. संशोधक आधी गावात जाऊन राहणार, लोकांचे प्रश्न समजून घेणार, त्यावरून संहिता होणार, स्थानिक बोलीत, अनेकदा गावच्याच माणसांना घेऊन ती चित्रित होणार, आणि प्रसारणानंतर पुन्हा लोकांना विचारले जाणार. मजुरी, अस्पृश्यता, बायकांवरचा अन्याय असे विषय त्या पडद्यावर आले. १९८४ साली ग्रामीण संवादासाठीचा युनेस्कोचा पुरस्कार या प्रकल्पाला मिळाला. लक्षात घ्या, तिथे समाजशास्त्रज्ञ, अभियंता आणि निर्माता एकत्र काम करत होते. ती माणसे विद्यापीठांतून आणि संस्थांतून शिकून आली होती, आणि पीज हा त्यांचा पुढचा वर्ग ठरला. पुढे प्रकल्प संपला. ती रीत कुठल्याही विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाचा कणा झाली नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

आणखी एक गोष्ट या संदर्भात बोलकी आहे. आपल्या देशात टीव्हीचे प्रेक्षक मोजण्याची जी व्यवस्था होती तिच्यात खेड्यांना स्थान नव्हते. बार्क या संस्थेने ऑक्टोबर २०१५ पासून ग्रामीण प्रेक्षकांचे आकडे द्यायला सुरुवात केली आणि वाहिन्यांची क्रमवारी बघता बघता हलली. जाहिरातदारांना तोपर्यंत खेड्यातला माणूस आकड्यांत दिसतच नव्हता. म्हणजे १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झाले, ‘आमची माती आमची माणसं’ने शेतकऱ्याला पडद्यावर जागा दिली, आकाशानंदांच्या ‘ज्ञानदीप’ने राज्यभर प्रेक्षकांचे घट्ट नाते जोडले, तरी प्रेक्षक म्हणून खेडे मोजणीत यायला आणखी चार दशके जावी लागली. आता ते मोजले जाते. पण निर्माता म्हणून त्याची गणती अजून सुरू झालेली नाही.

आता आक्षेपांकडे येतो. सर्वांत जुना आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की हे काम सेटवर शिकायचे असते, वर्गात नाही. या धंद्यातले अनेक उत्तम लोक असेच घडले, हे खरे आहे. पण आजचा सेट पाहा. दैनंदिन मालिकेला आठवड्याला सहा एपिसोड द्यायचे असतात. बारा-बारा तासांची शिफ्ट, हाताशी एपिसोडची बँक नसली की रात्री संपादन आणि सकाळी वाहिनीकडे रवानगी. अशा ठिकाणी आलेल्या नव्या मुलाला कंटिन्युटीची, म्हणजे दृश्यांतली सलगता तपासण्याची, वही मिळते, आणि पाच वर्षांनीही तो कंटिन्युटीच पाहत असतो. त्याला ध्वनी का बिघडला हे कळत नाही, कारण ते त्याचे खाते नाही. चूक करायला सेटवर वाव नाही. चुकीचे पैसे मोजावे लागतात. विद्यापीठ ही चुका करण्याची जागा आहे. तिथे सोमवारी दिवा लावणारी मुलगी मंगळवारी माइक धरते, बुधवारी पॅनलवर बसते आणि गुरुवारी सगळ्यांसमोर आपल्या कामाची चिरफाड ऐकते. त्यानंतर तिने सेटवर जावे, जरूर जावे. तिथे ती लवकर शिकेल आणि कमी राबवली जाईल. स्वतःला सगळे काम येते हे ठाऊक असलेल्या माणसाला फुकट राबवणे कठीण जाते, हा या शिक्षणाचा एक फायदा फारसा बोलला जात नाही.

दुसरा आक्षेप असा की प्रतिभा शिकवून येत नाही. मान्य. पण अहिल्यानगरकडे पाहा. ते आपल्याच सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत येते. तिथल्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापनाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. दिग्दर्शक नागराज मंजुळे तिथे शिकले. ‘पिस्तुल्या’ हा त्यांचा लघुपट त्याच काळातला, आणि ५८ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तो गौरवला गेला. भाऊराव कऱ्हाडे तिथेच शिकले; मेंढपाळांवरच्या त्यांच्या ‘ख्वाडा’ चित्रपटाचा ६२ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सन्मान झाला, आणि त्यात प्रत्यक्ष स्थळावरच्या ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार होता. मेंढपाळांच्या भटक्या वाटेवरचा आवाज देशात सर्वोत्तम ठरतो, हे मला फार मोलाचे वाटते. या दोघांची प्रतिभा महाविद्यालयाने निर्माण केली असे मी म्हणणार नाही. पण त्यांच्या हाती तिथे उपकरण आले, काम पुरे करण्याची मुदत आली, ते पाहणारे डोळे आले, आणि मुंबईला न जाता हे सुरू करता येते असा विश्वास आला. शिवाय प्रत्येक वर्गातून असे दिग्दर्शक बाहेर पडणार नाहीत. अभ्यासक्रमाची खरी परीक्षा उरलेल्यांवरून व्हावी: तालुक्याच्या वाहिनीवर माणसाचे बोलणे नीट ऐकू येईल असा माइक लावणारा, आरोग्य केंद्रासाठी गरोदर बाईला समजेल अशी दहा मिनिटांची फिल्म करणारी, बातमीचा दावा तपासल्याशिवाय पुढे न पाठवणारा. अशा माणसांची गरज मोठ्या दिग्दर्शकांपेक्षा कितीतरी जास्त आहे.

टीव्हीच संपत चालला आहे, मग त्याचे शिक्षण कशाला, असेही विचारले जाते. बार्कच्या २०२० च्या अंदाजाप्रमाणे देशातल्या २१ कोटी घरांत टीव्ही होता, तेव्हा अंत्यविधीची घाई नको. आणि पडदा भिंतीवरून हातात आला तरी अनेक माणसांचे म्हणणे ठरावीक वेळात, ऐकू येईल आणि खरे ठरेल असे मांडण्याचे कसब जुने होत नाही. उलट ज्याच्या त्याच्या हाती कॅमेरा आल्यावर ते कसब नसल्याचे परिणाम आपण रोज भोगतो. लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्या मुलांपासून गावोगावच्या यूट्यूब वाहिन्यांपर्यंत या धंद्यात आधीच शेकडो हात गुंतले आहेत. ते स्वतःच्या बळावर पुढे आले. त्यांना विद्यापीठाने दार उघडले तर बेकारांची भर पडेल ही भीती उरत नाही, कारण ते आजच कमावत आहेत. त्यांना हवी आहे ती कामातली खोली.

हे करायचे कसे, याबद्दल थोडे स्पष्ट बोलतो, कारण अडचणी खऱ्या आहेत. विद्यापीठांना हा विषय नवा नाही. १५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर देशव्यापी वर्ग सुरू केला, आणि त्यासाठी कार्यक्रम करणारे केंद्र पुणे विद्यापीठात आहे. नाशिकला १९८९ पासून यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, ज्याचा विद्यार्थी मुळातच दूर बसलेला असतो आणि ज्याला दृक्श्राव्य साहित्याची गरज कायमच राहणार. कमतरता आहे ती अध्यापकांची आणि परीक्षेच्या रीतीची. ज्याने आयुष्यभर संकलन केले त्याला ‘नेट’ ही अध्यापकाची पात्रता नाही म्हणून वर्गात उभे राहता येत नाही, ही स्थिती बदलायला वाट आहे: अनुदान आयोगाने २०२२ साली ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ म्हणून अनुभवी व्यावसायिकांना नेमण्याची मुभा दिली आहे. नव्या शैक्षणिक धोरणाच्या पदवी आराखड्यात क्षेत्रप्रकल्पाला आणि प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणाला श्रेयांक आहेत. तेव्हा संकलनाची परीक्षा तीन तासांच्या लेखी पेपराने घेण्याचा हट्ट सोडता येईल. खर्चाची भीतीही थोडी बाजूला ठेवावी. एके काळी पॅनल म्हणजे खोलीभर यंत्रे होती. आता टेबलावर मावणाऱ्या स्विचरवर तीन कॅमेऱ्यांचा कार्यक्रम होतो. पैसा आधी माइकवर, दिव्यांवर आणि चांगल्या शिक्षकांवर घालावा, महागड्या कॅमेऱ्यांवर सर्वांत शेवटी. आणि शिक्षण मराठीतून असावे. २०११ च्या जनगणनेत आठ कोटींहून अधिक लोकांनी मातृभाषा मराठी नोंदवली, आणि तरी संकलनावर किंवा ध्वनिमुद्रणावर विद्यार्थ्याच्या हाती द्यावे असे मराठी पुस्तक शोधावे लागते. ती पुस्तके अभ्यासक्रम सुरू झाल्यावरच लिहिली जातील. वाचक नसताना कोण लिहील?

राहता राहिला मुंढेगावचा प्रश्न. तो प्रस्ताव जेव्हा केव्हा मार्गी लागेल तेव्हा त्यात तीन अटी आजपासूनच मागून घ्याव्यात असे मी घोटीकरांना सुचवतो. चित्रनगरीच्या जमिनीतला एक भाग विद्यापीठाच्या निर्मिती विभागासाठी राखून ठेवावा. तिथल्या स्टुडिओचे ठरावीक दिवस विद्यार्थ्यांसाठी विनाभाडे मोकळे असावेत. आणि तिथे चित्रीकरण करणाऱ्या प्रत्येक निर्मात्याने तालुक्यातल्या विद्यार्थ्यांना मानधनावर उमेदवारीला घ्यावे, तेही कॅमेरा, ध्वनी, संकलन आणि दिग्दर्शन या खात्यांत. ग्रामपंचायतींनी ठराव करावेत, महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचे मागणीपत्र विद्यापीठाकडे पाठवावे, आणि ही दोन्ही कामे भूमिपूजनाची तारीख ठरायच्या आत व्हावीत. भिंती उभ्या राहून भाड्याचा दर ठरला की मग अशा अटी कुणी ऐकून घेत नाही.